साउंड कार्डाच्या त्या एका ओळीबद्दल: सामुदायिक रेडिओ केंद्रांच्या खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रांच्या व्यवस्थापन समित्या, आणि त्यातही खरेदी समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

केंद्रांच्या उपकरणांच्या मागणीयाद्या तपासायला माझ्याकडे येत असतात. त्यांत ट्रान्समीटरला एक अख्खा परिच्छेद असतो, अँटेनाला अर्धा, मिक्सरला आणि माइकला मॉडेल नंबरासकट एकेक ओळ. मग येतं: "डेस्कटॉप संगणक, साउंड कार्डासह, २ नग." साउंड कार्डाचा विषय तिथेच संपतो. शेतीसल्ला, ओव्या, आरोग्याच्या मुलाखती, बाजारभाव, जाहिराती असं दिवसभर तुमच्या केंद्रावरून जे वाजतं, त्यातलं बहुतेक सगळं त्या कार्डातून मिक्सरकडे जातं. ट्रान्समीटर कितीही भारी असला तरी त्याच्या तोंडी जे पडेल तेच तो गावोगाव पोचवणार. खरखर पडली तर खरखर.

हे पत्र लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत संगणकप्रणालीवर, चालणाऱ्या किंवा लिनक्सकडे वळू पाहणाऱ्या केंद्रांसाठी आहे. तसं वळणं शहाणपणाचंच आहे. रिव्हेंडेल आणि लिब्रेटाइम ही प्रसारणाची सॉफ्टवेअरं मोफत मिळतात, आपल्या देशात ग्रामवाणीने तर खास सामुदायिक रेडिओसाठी ग्रिन्स ही प्रणाली लिनक्सवर बांधली होती, आणि दरवर्षी परवान्याचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मिटतो. मात्र विंडोजवर चालणारं कार्ड लिनक्सवर चालेलच असं नाही, आणि आज चाललं म्हणून पुढच्या दिवाळीतही चालेल असं नाही. म्हणून माझं सांगणं असं की आवाजाच्या दर्जाचे आकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, कुठे राहतो ते बघा, मग कार्डाच्या मागे कुठली सॉकेटं आहेत ते बघा, आणि घेताना एकाच जातीची दोन घ्या.

लिनक्समध्ये आवाजाचं काम अल्सा नावाची यंत्रणा करते. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) अल्सा हीच लिनक्सची मुख्य ध्वनियंत्रणा आहे. कार्डाचा ड्रायव्हर या मूळ कर्नलमध्ये असला की कर्नल बदलताना तोही सोबत येतो. तो चालता ठेवण्याचं काम कर्नल लिहिणारी मंडळी करतात. ड्रायव्हर जर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून वेगळा उतरवून बसवावा लागत असेल, तर प्रत्येक अपडेटनंतर धाकधूक. उत्पादकाचा त्या मॉडेलमधला रस संपला की तुमचं धडधाकट कार्ड शोभेपुरतं उरतं. क्रिएटिव्ह कंपनीची एक्स-फाय कार्डांची मालिका २००५ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची मोठी वाहवा झाली. लिनक्सवाल्यांना मात्र कंपनीने ड्रायव्हरचा कोड खुला करेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, ताटकळावं लागलं. तो मूळ कर्नलमध्ये यायला २००९ उजाडलं. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात तोच ट्रॅक्टर शेतकरी घेतो, आणि तुमच्यापैकी काही समित्या कृषी विज्ञान केंद्रांच्या किंवा शेतीत काम करणाऱ्या संस्थांच्या आहेत, तेव्हा याहून जास्त फोड करत नाही.

मूळ कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेली आणि प्रसारणासाठीच बनवलेली कार्डं फार नाहीत. अमेरिकेतल्या ऑडिओसायन्सची एएसआय मालिका त्यांत पहिली. तिचा ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये आहे, आणि रिव्हेंडेल अल्सा व जॅक (प्रोग्रॅमांमधला आवाज एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) यांच्या जोडीने या कार्डांशी त्यांच्या स्वतःच्या भाषेतही बोलतं. फ्रान्सच्या डिजिग्रामची काही कार्डं आणि जर्मनीच्या आरएमईची एचडीएसपी कुटुंबातली कार्डं, यांचेही ड्रायव्हर तिथे आहेत. ही सगळी महाग. ट्रान्समीटरच्या बजेटमध्ये वाटा मागतील अशी. ज्या केंद्राला विद्यापीठाचा आधार आहे किंवा उपकरणांसाठी केंद्र सरकारचं अनुदान मिळतंय, त्यांनी प्रसारणाच्या मुख्य संगणकासाठी यांतलंच एक घ्यावं, असं मी बिनदिक्कत सांगेन. असं कार्ड संगणकाच्या पेटीत स्क्रूने बसतं. झाडू मारताना त्याची वायर निघत नाही. हा मुद्दा हास्यास्पद वाटत असेल तर तुमच्या स्टुडिओत सकाळी साडेसहाला जो निवेदक येतो त्याला विचारा.

जुन्या तंत्रज्ञाकडून एक नाव हमखास ऐकाल: एम-ऑडिओ डेल्टा. डेल्टा ४४, डेल्टा ६६, डेल्टा १०१०, ऑडिओफाइल २४९६ ही आइस-१७१२ चिपवरची कार्डं लिनक्सवर इतकी बिनबोभाट चालत की कित्येक स्टुडिओंनी ती दहा-दहा वर्षं हलवली नाहीत. त्यांचं कौतुक खरंच आहे. पण ती जुन्या पीसीआय खाचेची. आजच्या बहुतेक मदरबोर्डवर ती खाचच नसते, कार्डंही आता बनत नाहीत. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून त्यांच्यासाठी नव्या संगणकाची जुळवाजुळव करू नका. चालू असतील तिथे चालू द्या.

राहिलं यूएसबी, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला तेच येणार. यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं एक प्रमाण आहे. पहिलं १९९८ चं, दुसरं २००६ चं. जे उपकरण हे प्रमाण पाळतं त्याला 'क्लास कम्प्लायंट' म्हणतात आणि लिनक्सवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसऱ्या प्रमाणाला लिनक्सने २०१० च्या आसपासच जागा दिली. विंडोज १० मध्ये ते २०१७ साली आलं. थोडक्यात, इथे लिनक्स मागे नाही. कोटेशनमध्ये 'विंडोज व मॅकसाठी' एवढंच लिहिलेलं पाहून उपकरण बाद करू नका आणि पासही करू नका. विक्रेत्याला सरळ विचारा की ते क्लास कम्प्लायंट आहे का. आणि त्याच दमात हेही विचारा की त्याच्या आतल्या जोडण्या, लूपबॅक (बाहेर जाणारा आवाज परत आत घेणं) वगैरे बदलण्यासाठी फक्त विंडोजवर चालणारं एखादं ॲप लागतं का. लागत असेल तर कार्ड वाजेल खरं, पण त्याची अर्धी बटणं तुमच्यासाठी कायमची बंद. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेच्या बाबतीत ही अडचण दूर झाली आहे. दुसऱ्या पिढीपासूनच्या मॉडेलांची आतली नियंत्रणं टप्प्याटप्प्याने कर्नलमध्येच आली. तिसऱ्या पिढीचं नवं उपकरण पहिल्यांदा जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखं दिसतं. ती नोंदणीपुरती अवस्था आहे, ती बंद केल्यावरच त्याची सगळी क्षमता वापरता येते. 'खराब माल' म्हणून परत पाठवायची घाई नको.

स्वस्तात मिळणाऱ्या लाल-चंदेरी डब्यांचं काय, हा प्रश्न दर बैठकीत येतो. बेहरिंगरच्या यूसीए२०२ आणि २२२ मध्ये पीसीएम२९०२ जातीची चिप आहे. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत, लिनक्सवर जोडताक्षणी चालू. मी ती स्वतः बाळगतो आणि बातमीदाराच्या लॅपटॉपला, प्रसारणाची नोंद ठेवणाऱ्या रेकॉर्डिंगला किंवा आणीबाणीत आनंदाने लावतो. प्रसारणाच्या मुख्य वाटेवर मात्र नाही. आणि त्याचं कारण १६ बिट हे नाही, कारण त्याच्या मागची आरसीए सॉकेटं हे आहे.

हा सॉकेटांचा मुद्दा समित्यांना सगळ्यात कमी रस देतो आणि श्रोत्यांना सगळ्यात जास्त छळतो, म्हणून जरा थांबतो. व्यावसायिक मिक्सरची कामाची पातळी +४ डीबीयू असते, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणाची -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. दोहोंत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. घरगुती पातळीचं कार्ड मिक्सरला जोडलं की निवेदक मिक्सरवरचा गेन चढवतो, आणि गाण्याबरोबर वायरीतली सगळी घाणही चढते. तशात आरसीए किंवा ३.५ मिलिमीटरच्या जॅकची वायर अनबॅलन्स्ड असते. बॅलन्स्ड वायरीत तोच आवाज दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि मिक्सरच्या तोंडाशी वजा होऊन जातो. शहरातल्या सजवलेल्या स्टुडिओत दीड मीटरच्या अनबॅलन्स्ड वायरीने भागेलही. तुमच्याकडे मात्र त्याच इमारतीच्या गच्चीवर ट्रान्समीटरचा मनोरा आहे, लाइट गेली की इन्व्हर्टर ओरडतो, आणि अर्थिंग कधीतरी कुणीतरी मीठ-कोळसा घालून केलेलं आहे. तिथे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि आरएफची, म्हणजे ट्रान्समीटरच्या रेडिओलहरींची, चिरचिर अनबॅलन्स्ड वायरीतूनच घरात शिरते. कार्डाला एक्सएलआर किंवा टीआरएस बॅलन्स्ड आउटपुट हवं. दुसरा काहीच पर्याय नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेशन बॉक्स तरी घाला. तो स्वस्त असतो, त्याला वीज लागत नाही आणि तो कार्डापेक्षा जास्त जगतो.

मदरबोर्डवरच्या आवाजाबद्दल फार बोलत नाही. तो निवेदकाच्या स्पीकरसाठी ठीक आहे. त्याची एक खोड सांगून ठेवतो: वीज वाचवण्यासाठी लिनक्स त्या चिपला काही सेकंदांच्या शांततेनंतर झोपवतं, आणि जागं होताना 'टक्' होऊन पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. "नमस्कार" ऐवजी "मस्कार" प्रसारित होत असेल तर निवेदकाला दोष देऊ नका. ही झोप एका ओळीच्या सेटिंगने बंद होते.

आता किती आउटपुट हवीत? प्रसारणाला एक स्टीरिओ जोडी. पुढची क्लिप आधी हेडफोनवर ऐकायला दुसरी. आणि इनपुटची एक जोडी, कारण प्रसारित झालेल्या सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवणं तुमच्या परवान्याची अट आहे. ते रेकॉर्डिंग संगणकातल्या प्लेलिस्टचं नको, रेडिओ ट्यूनरवरून हवेतलं घ्या, तरच ट्रान्समीटर बंद होता का, हे नंतर कळेल. (जागेची काळजी नको. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ मध्ये दिवसाचे सातशे एमबी होत नाहीत, नव्वद दिवसांचे सुमारे ६२ जीबी.) म्हणजे किमान दोन इन, चार आउट असं एक कार्ड. दोन इन, दोन आउटची दोन स्वस्त कार्डं घेऊन तेवढंच काम होईल असा हिशोब कोटेशनवर मांडला जातो, आणि तो कागदावर बरोबरच दिसतो. घोळ घड्याळात आहे. प्रत्येक कार्डाच्या घड्याळाचा स्वतःचा स्फटिक असतो आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे चालत नाहीत. दहा लाखांत पन्नास इतका फरक धरला तरी ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) सेकंदाला २.४ नमुने इकडे-तिकडे होतात. एका कार्डातून आत आलेला फोन-इनचा आवाज दुसऱ्या कार्डातून बाहेर काढायचा असेल, तर १०२४ नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, सातेक मिनिटांत भरतो किंवा रिकामा होतो. मग एक 'टक्'. पुन्हा सात मिनिटांनी एक. यावर सॉफ्टवेअरची तोड आहे, पण ती सांभाळणारा माणूस तुमच्या पगारपत्रकावर आहे का, हे तुम्हीच बघा.

बफरवरून आठवलं. संगीत रेकॉर्ड करणारी मुलं कमीत कमी लेटन्सीच्या, म्हणजे संगणकातून आवाज फिरून यायला लागणाऱ्या उशिराच्या, मागे असतात आणि तोच सल्ला प्रसारणाच्या संगणकालाही देतात. तो ऐकू नका. निवेदकाच्या कानात त्याचा आवाज मिक्सरमधून थेट जातो, संगणकातून फिरून येत नाही. गाणं चाळीस मिलिसेकंद उशिरा सुरू झालं तर कुणाचं बिघडतं? बफर ऐसपैस ठेवा, म्हणजे संगणक क्षणभर अडखळला तरी हवेत खंड पडत नाही.

तसंच १९२ किलोहर्ट्झ. विक्रेता हा आकडा ठळक अक्षरांत छापतो. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज जातच नाही, कारण १९ वर स्टीरिओचा पायलट, म्हणजे स्टीरिओची खूण सांगणारा सूर, बसलेला असतो. एफएमचा स्वतःचा गोंगाटच इतका असतो की १२० डेसिबलच्या कार्डाची शेवटची चाळीसेक डेसिबल श्रोत्यापर्यंत पोचत नाहीत. याला एकच अपवाद आहे. स्टीरिओ टूलसारख्या सॉफ्टवेअरने प्रोसेसिंग करून पूर्ण एमपीएक्स सिग्नल (स्टीरिओ, पायलट, आरडीएस असं सगळं एकत्र) संगणकातच तयार करायचा आणि ट्रान्समीटरला थेट द्यायचा असेल, तर आरडीएस (रेडिओच्या पडद्यावर केंद्राचं नाव दाखवणारा संकेत) ५७ किलोहर्ट्झवर असल्यामुळे १९२ चं कार्ड खरंच लागतं, आणि ते खालच्या टोकाला अगदी काही हर्ट्झपर्यंत सपाट असावं लागतं. ज्याने हे याआधी केलंय असा माणूस हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

कार्ड चांगलं घेतलंत तरी लिनक्स डेस्कटॉपच्या दोन सवयी त्याचं नाव खराब करतात, तेव्हा काम सोपवताना तंत्रज्ञाकडून त्या निस्तरून घ्या. पहिली, क्रमांकांची अदलाबदल. संगणक सुरू होताना कार्डांना शून्य, एक, दोन असे क्रमांक मिळतात आणि नवा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की तोही एक साउंड कार्ड म्हणून रांगेत घुसतो. लाइट जाऊन आल्यावर प्रसारण चालू आहे, मीटर हलतोय, आणि आवाज मात्र मॉनिटरच्या टिचक्या स्पीकरमधून येतोय, हा प्रकार यातूनच होतो. प्रसारणाच्या सॉफ्टवेअरला कार्ड क्रमांकाने नाही, नावाने बांधायचं. एकाच मॉडेलची दोन यूएसबी कार्डं एकाच संगणकाला असतील तर कोणतं कार्ड कोणत्या पोर्टात हेही बांधून, पोर्टावर चिठ्ठी लावायची. दुसरी सवय डेस्कटॉपच्या ध्वनिसेवकाची, मग तो पल्सऑडिओ असो की पाइपवायर. दिसेल ते कार्ड तो आपलं समजतो, आणि अपडेट आल्याची 'डिंग' सकाळच्या अभंगात मिसळते. प्रसारणाचं कार्ड त्याच्या नजरेआड ठेवायचं, आणि त्या संगणकावर आपोआप होणारी अपडेटं बंद.

एवढं सगळं ठरवूनही घात होतो तो 'किंवा समकक्ष' या ओळीत. एका केंद्राने चार आउटपुटांचं बॅलन्स्ड उपकरण मागितलं होतं. पुरवठादाराने 'समकक्ष' म्हणून जे दिलं त्यात आउटपुट चारच होती, दोन बॅलन्स्ड आणि उरलेली दोन हेडफोनच्या जॅकवर त्याच आवाजाची नक्कल. बिल मंजूर झालं, कारण तपासणाऱ्याच्या हातात फक्त संख्या होती. त्यात कायद्याने काही चूक नव्हतं. म्हणून समकक्षता कशात मोजायची ते मागणीतच लिहा: ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये किंवा उपकरण क्लास कम्प्लायंट; चार स्वतंत्र बॅलन्स्ड आउटपुट, +४ डीबीयू; दोन तरी बॅलन्स्ड लाइन इनपुट; सेटिंगसाठी विंडोजची गरज नाही; मॉडेलची नेमकी आवृत्ती कोटेशनवर नमूद. आवृत्तीचा आग्रह यासाठी की उत्पादक तेच नाव ठेवून आतली चिप बदलतात. माइकच्या प्रीअँपसाठी (माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) जादा पैसे मोजू नका, तुमचे माइक मिक्सरला लागतात. रेकॉर्डिंगच्या खोलीची गोष्ट वेगळी, तिची ओळ वेगळी लिहा.

आणि नग दोन. दुसरं कार्ड कपाटात सीलबंद नको. ते दुसऱ्या संगणकाला लावलेलं, तेच सॉफ्टवेअर, तीच प्लेलिस्ट, मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर आलेलं असावं, म्हणजे पहिलं गेलं तर निवेदकाने मिक्सरवरचा एक फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करायचा आणि कार्यक्रम चालू ठेवायचा. ऑडिटर 'वापरात नसलेली वस्तू' असा शेरा मारतील ही भीती तुम्ही नेहमी बोलून दाखवता. मालनोंदवहीत ते 'पर्यायी प्रसारण साखळी' म्हणून दाखल करा, आणि आठवड्यातून एक दिवस प्रसारण त्याच्यावरूनच करा.

बिलावर सही करण्याआधी तपासणी हवी. पुरवठादाराच्या दुकानात नाही, तुमच्या स्टुडिओत, ट्रान्समीटर चालू ठेवून, कारण आरएफचा त्रास ट्रान्समीटर चालू असतानाच दिसतो. तीन दिवस अखंड वाजवा आणि बफर किती वेळा तुटला ते लॉगमध्ये बघा. मेन स्विच पाडून संगणक इन्व्हर्टरवर जाऊ द्या, मग पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, हे बऱ्याचदा करा आणि आवाज दर वेळी त्याच भोकातून येतो का ते पाहा. काहीच वाजत नसताना चांगला हेडफोन लावून पाच मिनिटं नुसतं ऐका. या चाचण्यांना पैसे लागत नाहीत, फक्त बिल आठवडाभर थांबवायची तयारी लागते.

शेवटची विनंती समितीच्या रचनेबद्दल आहे. कोटेशनं उघडली जातात त्या बैठकीला केंद्राचा तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी बोलावलेलाच नसतो. सचिव, खजिनदार, प्राचार्य किंवा संस्थेचे विश्वस्त असतात, आणि ते प्रामाणिकपणे सगळ्यात कमी आकड्यावर टिकमार्क करतात. त्या खोलीत तंत्रज्ञाला खुर्ची द्या, आणि तपासणीत नापास झालेला माल परत पाठवण्याचा अधिकार ठरावात त्याच्या पदाच्या नावाने नोंदवा. हा ठराव पुढच्या बैठकीत होऊ शकतो, त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मार्चअखेरच्या घाईत यादीवर नीट नजर टाकणं कुणालाच जमत नाही, मलाही नाही. जानेवारीत पाठवलीत तर साउंड कार्डाच्या त्या ओळीवर मी सवडीने बसेन.

कळावे,
आपला,
एक प्रसारण तंत्रज्ञ